सांगितलं एक, ऐकू आलं दुसरंच

(पेडगाव, ता. परभणी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेडगावचं नाव घेतलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस आधी हसतो. त्याला ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ आठवतं. आता ती म्हण आपल्या पेडगावची नाही. ती जोडली जाते श्रीगोंदा तालुक्यातल्या, बहादूरगडाच्या पेडगावशी. पण हे सांगेपर्यंत समोरच्याचं हसून झालेलं असतं. जिल्ह्याचंही तेच. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे आपण कौतुकानं म्हणतो, बाहेरच्याला ती धमकी वाटते. आणि गंमत बघा, परभणीकर हिंदू असो की मुसलमान, हे वाक्य तो असंच म्हणतो. त्याचं शुद्ध मराठी करावं असं आजवर कुणाला वाटलं नाही.

मला आज बोलायचंय ते यावरच. बोलणाऱ्यानं तोंड उघडायच्या आधीच ऐकणाऱ्यानं काय ऐकायचं ते ठरवलेलं असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक उदाहरण तिथलं देतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर दाखवायचं, हे तो तो फॉन्ट ठरवायचा. तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अर्ज उघडल्यावर नुसता चिन्हांचा कचरा दिसायचा. पाठवणाऱ्याचं काही चुकलेलं नसायचं, फाईलही धड असायची. पण त्यात एक सोय होती. कचरा दिसला की माणूस फोन करून विचारायचा, ‘काय पाठवलंय?’ माणसामाणसांत ही सोय नाही. समोरच्याचं वाक्य आपल्याला स्वच्छ ऐकू येतं, अर्थही पूर्ण लागतो. फक्त तो अर्थ त्यानं पाठवलेला नसतो. त्यामुळे आपण विचारतही नाही.

‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ हे वाक्य इथल्या किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा. म्हणणारा चांगल्या मनानंच म्हणतो, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. पण परभणीच्या कुलकर्ण्यांना किंवा देशमुखांना हे कुणी म्हणत नाही. या कौतुकाच्या पोटात एक गृहीत आहे, की मराठी ही तुमची भाषा नव्हे, तुम्ही ती कष्टानं शिकलात. पुण्यात भाड्याच्या घरासाठी फोन केला तेव्हा माझ्या याच मराठीवर एजंट खूश होता. नाव सांगितल्यावर त्याला सोसायटीचा नियम आठवला. असो.

आपल्या घरातली दखनी ऐका. ‘मैंच जाता’, ‘वैसाच है’. हा ‘च’ मराठीतला आहे. लखनौच्या माणसाला तो गावंढळ वाटतो, आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाला आपण ‘उर्दू बोलणारे’ वाटतो. उलट बाजूनं बघा. जमीन रस्त्यात गेली की मराठवाड्यातला शेतकरी ‘मावेजा’ मागतो, पुण्याकडचा ‘मोबदला’ मागतो. आपल्याकडे गुत्तेदार असतो, तिकडे ठेकेदार. आपण माल मोंढ्यावर नेतो, ते मार्केट यार्डात नेतात. नांदेडचा माझा एक सहकारी आणि मी, दोघं एकदा कँटीनमध्ये गुत्तेदारावर बोलत होतो, तर टेबलावरचे सगळे आमच्याकडे बघायला लागले. तेवढ्यापुरते तरी आम्ही हिंदू-मुसलमान नव्हतो, मराठवाड्याचे होतो.

आता जरा जड गोष्ट. 2023 साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, म्हणून निजामकाळातले दप्तर उघडले गेले. बरेच कागद मोडीत निघाले, बरेच उर्दूत. मग उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीकडे गावातला पोरगा ‘त्यांची’ म्हणून बघत होता, तिच्यात त्याच्याच पणजोबाचं नाव होतं. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत होते, उर्दू-फारसीचे जाणकार होते, आणि लिहिलं मराठीत. त्या पिढीला यात काही विशेष वाटलं नसतं. मधल्या काळात आपली दृष्टी अरुंद झाली.

ती कुठे अरुंद झाली, तर 1948 मध्ये. मी आज मुख्यतः हेच बोलायला आलोय.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. पण बऱ्याच मुसलमान घरांतले म्हातारे ‘मुक्तिसंग्राम’ म्हणत नाहीत, ते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. शब्द वेगळा झाला की ऐकणाऱ्याच्या मनात शिक्का तयार असतो. ‘पोलीस ॲक्शन’ म्हणणारा रझाकाराची औलाद ठरतो, आणि ‘मुक्ती’ म्हणणारा आपल्या जखमेवर नाचतोय असं इकडे वाटतं.

दोन्ही शब्दांमागे खरी माणसं आहेत. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हिंदूंची तर मारलीच. पण ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्याचा हात तोडला, जीव घेतला. त्याचं नाव आपल्या मोहल्ल्यातल्या किती पोरांना माहीत आहे? आणि कारवाईनंतर काय झालं, ते बघायला केंद्र सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांनी मुसलमानांच्या मृत्यूंचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं सरकारनं प्रसिद्ध केला नाही. शेजाऱ्याला तो माहीत नाही, तेव्हा आपल्या आजोबांचं गप्प बसणं त्याला देशाबद्दलची नाराजी वाटणारच. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव धोक्यात घालून वाचवल्याचंही लिहिलंय, आणि हे वाक्य आपल्याकडचेही फारसं सांगत नाहीत.

आपल्याकडचंही बोलू. मराठी शाळेत गेलेल्या पोराला आपण ‘अपनी ज़ुबान भूल गया’ म्हणतो. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, मराठीत कथा-कादंबरी लिहिणारे. 1970 साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा अनेकांनी त्यांचं म्हणणं वाचलंच नाही. माणूस बाहेरच्यांचा आहे, एवढं ठरवलं की काम संपलं. त्यांच्याशी वाद घालायला हरकत नव्हती, पण वाद घालायला आधी वाचावं लागतं. आजही गावातला एखादा हिंदू मित्र तीन तलाकबद्दल काही विचारतो, तर निम्म्या वेळा त्याला खरंच माहिती हवी असते. आपल्याला त्यात टीव्हीवरचा निवेदक ऐकू येतो, आणि आपण त्या निवेदकाला उत्तर देतो.

म्हणून तुम्हाला एक काम सुचवतो. 1948 मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. या गावात आणि आसपास अशी माणसं अजून आहेत. हिंदू पोरांनी मुसलमान घरातल्या दादाजींकडे जावं, मुसलमान पोरांनी हिंदू घरातल्या आजोबांकडे. मोबाइलवर रेकॉर्ड करा. विचारताना त्यांचाच शब्द वापरा. ते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत असतील तर तुम्हीही तेच म्हणा, ‘मुक्तिसंग्राम’ म्हणत असतील तर तेच. मध्ये दुरुस्त करू नका. काही कळलं नाही तर ‘म्हणजे काय हो?’ एवढंच विचारा, आणि बोलणं झाल्यावर आपल्याला काय समजलं ते त्यांना परत सांगा. ते ‘तसं नाही रे बाबा’ म्हणाले तर पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डिंग पाठवा, मी ती जपून ठेवायची सोय करतो, तेवढं मला येतं.

पावसाळ्यात म्हातारी माणसं आजारी पडतात, तेव्हा लवकर जा. आता तुमचे प्रश्न असतील ते विचारा.