डंख हाताला, गांधी पोटावर : लेकराचे वावडे वेळेत ओळखा



बियाणे, खते, कीड-रोग हे आम्हा विस्तार अधिकाऱ्यांचे नेहमीचे विषय. आज मात्र पिकाबद्दल नाही, तर बांधावर खेळणाऱ्या आपल्या लेकरांबद्दल बोलणार आहे. यातले बरेचसे मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून समजून घेतले आहे. थोडे माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

दोन वर्षांपूर्वी एका वस्तीवर भुईमुगाची काढणी चालू होती. उताऱ्याची नोंद घ्यायला मी गेलो होतो. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत गांधीलमाश्यांनी पोळे केले होते. सात वर्षांच्या पोराने खेळता खेळता पेटी उघडली आणि एक माशी त्याच्या हाताला डसली. कुणी डंखावर लोखंड घासले, कुणी चुना लावला. मीही "घाबरलाय, होईल बरा" असे म्हणून शेंगांच्या वजनाकडे वळलो. दहा-बारा मिनिटांत पोरगं पोट खाजवू लागलं. मग उलटी झाली. आम्ही म्हटलं, ऊन लागलं असेल. त्याच्या आजीने मात्र सदरा वर करून पाहिला आणि म्हणाली, "माशी डसली हाताला, मग गांधी पोटावर कशा उठल्या?"

तोवर पोराचा आवाज घोगरा झाला होता. शेजारच्या वस्तीवरची जीप मिळाली म्हणून बरे. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच मांडीत इंजेक्शन दिले, थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. एक रात्र ठेवून घेतले. पोरगं आज शाळेत जातं. पण लोखंड आणि चुन्यात गेलेली ती मिनिटे मला अजून आठवतात.

आजीबाईंचा तो प्रश्न प्रत्येक घराने पाठ करावा असा आहे.

एखादी वस्तू दहा जणांना सोसते आणि अकराव्याच्या शरीराला ती शत्रू वाटते, यालाच आपण वावडे म्हणतो, डॉक्टर अॅलर्जी म्हणतात. मधमाशी किंवा गांधीलमाशीचा डंख, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे-कोळंबी, तीळ, काजू, एखादे औषध, यांपैकी कशाचेही वावडे असू शकते. "मागे डसली तेव्हा काही झालं नाही," किंवा "परवा तर शेंगदाणे खाल्ले होते," यावर विसंबू नका. पहिल्या वेळी शरीर त्या वस्तूची ओळख धरते, आणि पुढे केव्हातरी एकदम उसळते.

आता साधे कोणते आणि धोक्याचे कोणते? माशी डसली तिथेच सूज, लाली, आग आणि खाज असेल तर ते साधे. जागा धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने चटकन खरवडून काढा, उशीर करू नका. गांधीलमाशी सहसा काटा ठेवत नाही, पण पुन्हा पुन्हा डसते. म्हणून आधी लेकराला तिथून दूर न्या.

पण डंखापासून दूर अंगभर गांधी उठल्या, ओठ, डोळे किंवा जीभ सुजली, आवाज बसला, घसा आवळल्यासारखा झाला, छातीत घरघर सुरू झाली, पोटात कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, पोर पांढरे पडले, गळून गेले किंवा चक्कर आली, तर ते सगळ्या अंगाचे दुखणे झाले. डंखानंतर हे बहुधा काही मिनिटांतच दिसते. खाण्यातून असेल तर दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. लहान पोराला सांगता येत नाही. ते घशाला हात लावते, जीभ चोळते, एकाएकी गप्प होते. कधी कधी अंगावर गांधी उठतच नाहीत आणि सरळ श्वासच अडतो, हेही ध्यानात असू द्या.

अशा वेळी १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागेल असे कळले तर मिळेल त्या वाहनाने निघा. लेकराला आडवे निजवा, पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसते ठेवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. त्याला उभे करू नका, गाडीपर्यंत चालवू नका. उभे राहिल्याने रक्तदाब एकदम खाली येतो आणि जीव धोक्यात येतो. आवाज बसला असेल तर पाणी, चहा, काढा काही पाजू नका.

म्हणाल, घरात खाजेची गोळी आहे, ती दिली तर? ती गोळी खाज कमी करते, आवळलेला घसा मोकळा करत नाही. त्यासाठी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस दिले जाते. लसीकरणाच्या वेळीही हे औषध जवळ ठेवण्याची पद्धत आहे. पोचताच "माशी डसली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागतोय," असे मोठ्याने सांगा. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. फवारणी झालेल्या शेतात खेळलेल्या पोराला लाळ गळत असेल, घाम फुटला असेल, डोळ्यातली बाहुली बारीक झाली असेल, तर विषबाधेची शंका घ्या आणि औषधाचा डबा सोबत न्या. मोहोळ उठून एकाच वेळी पुष्कळ माश्या डसल्या असतील, तर वावडे नसले तरी दवाखाना गाठाच, कारण तेवढे विषच बाधते.

गाजरगवताचा त्रास मात्र सावकाश येतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेले हे गवत आज बांधाबांधावर आहे. त्याने शिंका, दमा आणि कातडीला खाज असे दुखणे लागते. फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटा, आणि या कामाला पोरांना लावू नका.

वावडे एकदा कळले की ते लपवू नका. शाळेतल्या गुरुजींना, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, अंगणवाडीत सांगा. केस पेपरवर ठळक लिहून घ्या. जवळ कोणते औषध ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा.

लक्षात ठेवा :

१. स्टार्टरची पेटी, गोठ्याचे आढे, विहिरीची कपार हंगामाआधी तपासा. पोळे दिसले तर पोरांना दूर ठेवा.
२. डंखानंतर निदान अर्धा तास लेकरावर नजर ठेवा. सदरा काढून सगळे अंग पाहा.
३. त्रास डंखाच्या जागेपुरता असेल तर घरी उपाय, अंगभर पसरला तर दवाखाना.
४. निजवून न्या, चालवू नका.
५. लोखंड, चुना, गोळी यांत वेळ दवडू नका.

पिकावर कीड दिसली की आपण पान उलटून पाहतो. तसेच लेकराचा सदरा वर करून पाहायला विसरू नका.