सरकारी सेवेची भाषा



आपल्याकडे भाषेच्या हक्काची चर्चा बहुतेक वेळा दुकानांच्या पाट्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला आज पाटीच्या आत जायचं आहे. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेत आणि दवाखान्यात कोणती भाषा चालावी? त्यासाठी मी कॅनडाचं उदाहरण घेतो.

कॅनडाने 1969 मध्ये कायदा करून केंद्राच्या कारभारात इंग्रजी आणि फ्रेंचला समान दर्जा दिला. पण शाळा आणि रुग्णालयं प्रांतांच्या हाती आहेत. क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषक बहुसंख्य, तर शेजारच्या ओंटारिओत अल्पसंख्य. खरी कसोटी लागते ती इथे.

ओंटारिओ सरकारने 1912 मध्ये 'नियम 17' काढून शाळेतलं फ्रेंच माध्यम पहिल्या दोन वर्षांपुरतं ठेवलं. 1916 मध्ये ओटावातल्या गिग शाळेच्या रक्षणासाठी आया टोपीच्या लांब पिना हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. 1927 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे 1986 मध्ये त्याच प्रांताने फ्रेंचमधून सरकारी सेवा देण्याचा कायदा केला. तेव्हा 'खर्च कोण करणार?' ही ओरड सुरू झाली. तो कायदा नगरपालिकांना लागू नव्हता, तरी 1990 मध्ये सू सेंट मरी या शहराच्या नगर परिषदेने कारभार फक्त इंग्रजीत करण्याचा ठराव केला. चार वर्षांनी तो न्यायालयात टिकला नाही.

1997 मध्ये पाळी आली ओटावातल्या मोंफोर रुग्णालयाची. ओंटारिओत फ्रेंचमधून चालणारं आणि फ्रेंचमधून डॉक्टर घडवणारं ते एकच मोठं रुग्णालय. खर्चकपातीसाठी ते बंद करावं, असं सरकारी आयोगाने सुचवलं. जिझेल लालोंद यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. 22 मार्चच्या सभेला सुमारे दहा हजार माणसं जमली. मग आयोगाने रुग्णालय राखायचं, पण सेवा बऱ्याच कमी करायच्या, असा मार्ग काढला. रुग्णांना इतर द्विभाषिक रुग्णालयांत फ्रेंच मिळेलच की, असा युक्तिवाद होता. न्यायालयाला तो पटला नाही. दोन्ही भाषा जिथे नावाला असतात, तिथे रोजच्या वापरात मोठी भाषा लहान भाषेला बाजूला सारते, हे त्याने ओळखलं. अल्पसंख्याकांचं संरक्षण हे संविधानाचं अलिखित तत्त्व मानून 2001 मध्ये अपील न्यायालयाने मोंफोरच्या बाजूने निकाल दिला.

आता क्वेबेककडे पाहा. इंग्रजीच्या महासागरात आपली भाषा बुडेल, ही तिथल्या फ्रेंच भाषकांची भीती खोटी नाही. म्हणून 1977 च्या कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळेत पाठवलं. 2022 च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: काही अपवाद सोडले, तर नव्याने आलेल्या माणसाशी सहा महिन्यांनंतर सरकारने फ्रेंचमधूनच व्यवहार करायचा. आरोग्य हा त्यातला एक अपवाद. पण नवी भाषा सहा महिन्यांत कितीशी येते? ओंटारिओत फ्रेंच भाषकाला जे न्याय्य वाटतं, ते क्वेबेकमध्ये इंग्रजी भाषकाला आणि स्थलांतरितालाही न्याय्य वाटणारच.

या साऱ्यातून मला एवढंच सांगायचं आहे. भाषेचा हक्क कागदावर मिळून भागत नाही, त्यासाठी संस्था लागते आणि संस्थेला पैसा लागतो. अल्पसंख्यही कर भरतात, म्हणून तो पैसा उपकार ठरत नाही.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद 350अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय द्यायला सांगतो. बेळगावातला मराठी माणूस या आधारावर जे मागतो, तेच सोलापुरातला कन्नड किंवा तेलुगू भाषक आणि मालेगावातला उर्दू भाषक मागू शकतो. बेळगावसाठी एक उत्तर आणि मालेगावसाठी दुसरं, असं आपण देणार असू, तर आपण हक्काबद्दल बोलत नसतो, फक्त आपल्या संख्येबद्दल बोलत असतो. संख्या तर राज्याची सीमा ओलांडली की बदलते.