खाडींतला पिसांचा गळ

परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यानचें एक लहानसें रेल्वे-स्थानक. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. मरळ, रोहू, वाम हे येथील लोकांच्या परिचयाचे मासे. अशा गांवच्या श्रोत्यांस खाऱ्या पाण्यांतील मासेमारीची गोष्ट सांगणें वरवर पाहतां अप्रस्तुत वाटेल. परंतु पूर्णा नदी याच तालुक्यांत गोदावरीस मिळते. आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरीं, पश्चिम समुद्रापासून अवघ्या ऐंशीं किलोमीटरांवर, उगम पावून त्या समुद्राकडे पाठ फिरविते व १४६५ किलोमीटर चालून पूर्वसमुद्रास भेटते. तेथील खाड्यांत आणि कोंकणच्या खाड्यांत एकच उमदा मासा राहतो. रायगडाकडे त्यास जिताडा म्हणतात, मालवण-गोव्याकडे चोणक, बंगाल्यांत भेटकी, गोदावरीच्या मुखाशीं पंडुगप्प, तर ऑस्ट्रेलियांत बारामुंडी. मासा एक, नांवें पांच.

हा मासा जाळ्यानें, पागानें किंवा आमिष लावलेल्या गळानें धरतात, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्यास पिसांच्या बनावट आमिषानेंहि धरतां येतें. ही विद्या जुनी आहे. सुमारें इसवी सन २०० मध्यें एलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील कोळी गळास तांबडी लोकर आणि कोंबड्याचीं पिसें बांधून नदींतले मासे फसवीत, असें लिहून ठेविलें आहे. आपल्या देशांत मद्रास इलाख्यांतील एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं मंगळूर येथून 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इकडील हौशी मंडळींस तो पुष्कळ वर्षें मार्गदर्शक झाला.

या पद्धतींतील मर्म असें कीं, साध्या गळास शिसें बांधतात; तें शिसें पुढें जातें आणि दोरीस ओढून नेतें. पिसांचा गळ मात्र वजनानें जवळजवळ शून्य. तो कितीहि जोरानें फेंकला तरी दोन हातांपलीकडे जाणार नाहीं. म्हणून येथें दोरीच जड व जाडसर करतात. नऊ फुटांची लवचिक काठी मागें-पुढें हलवून ती दोरी हवेंत उलगडावयाची, आणि तिच्या शेवटीं तें पीस अलगद पाण्यावर उतरवावयाचें. येथें बळापेक्षां ताल महत्त्वाचा. मागें गेलेली दोरी पुरती उलगडेपर्यंत जो थांबत नाहीं, त्याची दोरी पायांशींच गोळा होते.

अशा गळानें दोन दिवस खाडींत घालवावयाचे ठरविल्यास चुडाव्याच्या गृहस्थास मनमाड-कल्याण मार्गें पनवेल-पेणकडे येऊन धरमतरची खाडी गांठतां येईल. मात्र निघण्यापूर्वीं त्यानें रेल्वेच्या वेळापत्रकाइतकेंच पंचांगहि पाहावें. कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीस पाऊणनें गुणावें, म्हणजे पूर्ण भरतीची सुमाराची वेळ मिळते. जुन्या शाळांतून घोकलेली पाऊणकी येथें अशी कामास येते. शनिवारीं षष्ठी असेल तर सहा पाऊण साडेचार; पहांटे साडेचारच्या सुमारास खाडी भरेल, आणि पावणेअकराच्या सुमारास ओसरेल. रविवारीं सप्तमी, म्हणजे सव्वापांच. खाडींत जितकें आंत जावें तितका थोडा उशीर धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणांत पाणी गढूळ व वेगवान असतें, त्यांत पीस दिसत नाहीं. अष्टमीच्या भांगांत पाणी फारच मंदावतें. या दोहोंमधील तिथी सोयीच्या.

होडी आणि नावाडी तेथलेच घ्यावे. ओहोटीस कोठें चिखल उघडा पडतो आणि होडी कोठें रुतते, हें परक्यास कळत नाहीं. भरतीच्या वेळीं कोळंबी व बारीक मासळी कांदळवनाच्या मुळांत शिरते. ओहोटी लागली कीं, ती लहान लहान नाळींतून बाहेर पडते. आणि नेमका तेथेंच, नाळीच्या तोंडाशीं, जिताडा सावलींत दबा धरून बसतो. तो भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीं. एकदम तोंड उघडतो, आणि पाण्यासह भक्ष्य आंत ओढतो. पीस त्याच्यासमोरून कोळंबीप्रमाणें थांबत थांबत गेलें पाहिजे. गळ लागतांच तो मुळांकडे धांव घेतो, उडी मारून डोकें झटकतो, आणि त्याच्या कल्ल्यांच्या झांकणाची धार बारीक दोरी कापून टाकते. म्हणून शेवटीं नायलॉनचा जाड तुकडा जोडतात.

दोन दिवसांत एकहि मासा न लागणें हें या छंदांत नवल नाहीं. खरा प्रश्न उभा राहतो तो मोठा मासा लागल्यावर. हातभर लांबीच्या जिताड्यापेक्षां दोन हात लांबीचा जिताडा पकडणें अधिक अभिमानाचें, असें कोणासहि वाटेल. परंतु या माशाच्या जीवनक्रमांत एक विलक्षण गोष्ट आहे. जिताडा प्रथम नर म्हणून वयांत येतो, आणि कांहीं वर्षांनीं, प्रायः मीटरभर लांबीच्या सुमारास, मादी होतो. म्हणजे खाडींतील सर्वांत मोठे जिताडे बहुतेक सर्व माद्याच असतात. एकेक मोठी मादी एका हंगामांत लक्षावधि अंडीं घालते. हौशी मनुष्य ज्या माशाबरोबर छायाचित्र काढून घेतो आणि मग घरीं नेतो, तो मासा म्हणजे त्या खाडीची आईच होय. मधल्या आकाराचा एक मासा नेल्यानें जें नुकसान होत नाहीं, तें ही एक मादी नेल्यानें होतें.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतानें हें ओळखून ५८ सेंटिमीटरांहून लहान आणि १२० सेंटिमीटरांहून मोठा असे दोन्ही बारामुंडी परत सोडण्याचा नियम केला आहे. लहानास वाढूं द्यावें हें कोणासहि पटतें; थोरासहि जगूं द्यावें, हें पटण्यास विचार लागतो. कोळ्याचें पोट त्याच्या जाळ्यावर आहे. त्यास उपदेश करणें शहरी मनुष्यास शोभत नाहीं. परंतु ज्याची चूल माशावर अवलंबून नाहीं, त्यानें तरी हा संयम पाळावा. गळाचा उलटा काटा आधींच कानशीनें घासून टाकावा, हात ओले करून मासा पाण्यांतच धरावा, त्याचें तोंड प्रवाहाकडे करावें, आणि तो आपल्या बळानें निसटेपर्यंत वाट पाहावी.

माशास आसरा देणाऱ्या कांदळवनाचीहि तीच गोष्ट. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं पांढऱ्या चिप्पीस राज्य-कांदळवृक्षाचा मान दिला, तो उचितच झाला. परंतु मान दिल्यानें झाड राहत नाहीं. भरावाची माती त्याच्या मुळांवर पडूं दिली नाहीं, तरच राहतें. मुळें गेलीं कीं कोळंबी गेली, आणि कोळंबी गेली कीं नाळीच्या तोंडाशीं दबा धरण्याचें जिताड्यास कारण उरत नाहीं.

गोदावरीवर धवळेश्वरम येथें १८५२ सालीं बंधारा पुरा झाला, तेव्हांपासून समुद्राच्या माशांस नदीनें वर येण्याची वाट आडली. चुडाव्यास पंडुगप्प येणार नाहीं. परंतु नदीकांठच्या मनुष्यास ही गोष्ट परकी वाटूं नये. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करीत असतां तिच्यावर गळ टाकूं नये, हें जाणत्या नदीकरांस ठाऊक आहे. खाडींतल्या मोठ्या जिताड्याविषयींचा नियम त्याहून निराळा नाहीं. उद्यांहि मासा मिळावा अशी ज्यास इच्छा आहे, त्यानें आज कोणता मासा सोडावयाचा हें आधीं शिकावें. पीस फेंकण्याची कला मागाहून शिकली तरी चालेल.