घर विकण्याआधी



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. घर बांधताना किती खटपट पडते ते तिच्यात आले आहे. घर विकताना किती पडते, यावर मात्र कुणी म्हण केली नाही. कारण पूर्वी गावातले राहते घर सहसा कुणी विकतच नसे. आता दिवस वेगळे आहेत. मुले पुण्याला, नाशिकला, मुंबईला नोकरीला लागतात, तिकडेच बिऱ्हाड करतात. गावाकडची म्हातारी माणसे गेली की घराला कुलूप लागते. दोन पावसाळ्यांत एखादी भिंत बसते, आणि मग भाऊ-भाऊ म्हणतात, “विकून टाकू या.” गिऱ्हाईक येते, भाव ठरतो, आणि मग ट्रंकेतले कागद शोधायला सुरुवात होते. ही सुरुवात गिऱ्हाईक येण्याआधी व्हावी, एवढ्यासाठी मी आज बोलणार आहे.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींची हकीकत सांगतो. गावात त्यांचे तीन खणांचे वडिलोपार्जित घर. निवृत्त झाल्यावर ते विकायचे ठरले. गिऱ्हाईक मिळाले, विसार घेतला, आणि तो खर्चही झाला. गुरुजींच्या हातात घरपट्टीच्या वीस वर्षांच्या पावत्या होत्या. ते निश्चिंत होते. घेणाऱ्याच्या वकिलांनी पावत्या पाहिल्या आणि विचारले, “गुरुजी, घर कुणाच्या नावावर आहे?” पाहतात तो नाव आजोबांचे! आजोबा वारले १९७२ साली. वडिलांचे नाव कधी लागलेच नव्हते. वडिलांना दोन बहिणी. एक हयात, दुसरी वारलेली आणि तिची चार मुले चार गावी.

गुरुजी म्हणाले, “अहो, आत्यांना लग्नात सगळं दिलेलं आहे.” वकील म्हणाले, “लग्नातला आहेर म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे.”

मंडळी, गावोगावचे व्यवहार अडतात ते बहुधा याच ठिकाणी. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती आहे, मालकीचा दाखला नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा घ्यायलाच हवा, त्यावर मिळकतीचा क्रमांक आणि मोजमाप असते. पण तीही कर आकारणीची नोंदवही आहे. केवळ तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. आणखी एक घोटाळा होतो. तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ निराळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घरासाठी तो घेऊन येणारे पुष्कळ असतात, आणि एक फेरी वाया जाते.

मग मालकीचा कागद कोणता? घर आपल्याकडे कसे आले, हे सांगणारा तो कागद. विकत घेतले असेल तर खरेदीखत, वाटणीत आले असेल तर वाटणीपत्र, कुणी दिले असेल तर बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र. नोंदलेले खरेदीखत हरवले असेल तर घाबरू नका. ज्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ते नोंदले गेले तिथून त्याची नक्कल मिळते. तिथली सूची क्रमांक दोनही काढून ठेवावी. पूर्वीचा व्यवहार कुणी कुणाशी केला ते तिच्यात दिसते.

गावठाणातल्या घराला सातबारा बहुधा नसतो. जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मिळकत पत्रिका असते. ज्या गावठाणांची मोजणीच झाली नव्हती, त्यांच्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन उडवून गावठाणाचे नकाशे तयार करतात आणि त्यावरून मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावची मोजणी झाली का, पत्रिका झाली का, तीत नाव कुणाचे लागले, हे भूमि अभिलेख कार्यालयात विचारा. चूक असेल तर आत्ताच अर्ज द्या. घर गावठाणाबाहेर, शेताच्या जागेत असेल, तर मात्र सातबारा आणि फेरफार दोन्ही लागतात, आणि जागा बिनशेती झाली आहे का तेही पाहावे लागते.

आता वारसांकडे वळू. ज्याच्या नावावर घर आहे तो हयात नसेल, तर मृत्यूचा दाखला काढून वारसांची नोंद करून घ्यावी. वारस म्हणजे केवळ मुलगे नव्हेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची बायको, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत. आजीचे नाव तर आपण हटकून विसरतो! त्याच कायद्यात पूर्वी तेविसावे कलम होते. कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मागण्याची मोकळीक त्या कलमाने मुलीला ठेवली नव्हती. २००५ साली ते कलम काढून टाकले, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क दिला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. इतर धर्मीयांचे वारसा कायदे निराळे आहेत. त्यांनी त्याप्रमाणे विचारून घ्यावे.

बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदलेले हवे. साध्या कागदावर ‘मला काही नको’ असे लिहून घेतले, किंवा नुसती नोटरीपुढे सही घेतली, तर ते पुरत नाही. आणि भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढे घाईघाईने कागद सरकवू नका. कागदात काय लिहिले आहे ते तिला वाचून दाखवा, घराची किंमत काय येते ते सांगा, मग तिला ठरवू द्या. वारसांपैकी एखाद्याला आपला हिस्सा बाहेर विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क कायद्याने बाकीच्या वारसांना दिला आहे, हेही लक्षात असू द्या. एखादा वारस अज्ञान असेल, तर त्याच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी लागते का, ते वकिलांना विचारावे.

यानंतर बोजा. घर बँकेकडे, पतसंस्थेकडे किंवा सोसायटीकडे तारण असेल तर कर्ज फेडून बेबाकीचा दाखला घ्यावा आणि बोजाची नोंद कमी करून घ्यावी. घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचे बिल थकलेले नको. सरकारने दिलेली जागा, घरकुल, वर्ग दोनची जमीन, किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर आधी परवानगीची चौकशी करा. परवानगीवाचून केलेला असा व्यवहार पुढे अंगाशी येतो.

चतुःसीमा विसरू नका. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस रस्ता की बोळ, हे आज आहे तसे लिहा. जुन्या खतातले शेजारी कधीच बदललेले असतात. लांबी-रुंदी टेप लावून मोजा. परसू, सामाईक भिंत, पन्हळीचे पाणी कुणाच्या अंगणात पडते, हे शेजाऱ्याला बरोबर घेऊन आधीच ठरवा.

आता पैशाची गोष्ट. घराच्या व्यवहारात विसार म्हणून वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. चेकने किंवा बँकेमार्फत घ्या. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार असेल तर पॅन कार्ड लागते. नुसते कुलमुखत्यारपत्र देऊन घर विकले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. शंभर रुपये आणि त्यावरील किमतीच्या घराची विक्री नोंदलेल्या खतानेच होते, आणि खतावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला द्यावे लागते. योग्य मुद्रांक शुल्क, दोन्ही पक्षांची ओळखपत्रे आणि ओळख पटवणारे दोन इसम, एवढी तयारी ठेवून कचेरीत जावे.

गुरुजींचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारत असाल. गिऱ्हाईक निघून गेले आणि विसार परत करण्यासाठी गुरुजींना कर्ज काढावे लागले. मग ते आत्याकडे गेले. पंच्याऐंशीच्या घरातली बाई. ती म्हणाली, “बाळ, सही देते. पण माझा वाटा मला दे. माझ्याही घराचं छप्पर गळतंय.” गुरुजींना आधी ते जड वाटले. पण तिचे म्हणणे रास्त होते, हे त्यांनी नंतर आपण होऊन मला सांगितले. आतेभावंडांनाही त्यांनी पत्रे घातली. सगळ्यांची नावे लागायला वर्ष गेले. पुढे घर विकले गेले, ते सगळ्यांच्या सह्यांनी, आणि प्रत्येकाचा वाटा प्रत्येकाला पोचला. आत्या आता नाहीत; पण छप्पर शाकारलेले पाहून गेल्या.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. गावात कागद वाचता येणारा भरवशाचा माणूस म्हणून लोक आजही आपल्याकडे येतात. शनिवारी शाळा सुटल्यावर चार घरची जुनी दप्तरे उघडून पाहा. उताऱ्यावर वारलेल्या माणसाचे नाव असेल, तर घर विकायचे असो वा नसो, वारसनोंदीचा अर्ज लिहून द्या. अडचणीच्या बाबतीत तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवा. स्त्रियांना तिथे वकिलाचा सल्ला विनामूल्य मिळतो.

आणि श्रोतेहो, आज रात्री जेवण झाल्यावर ती ट्रंक खाली काढा. घर कुणाच्या नावावर आहे, एवढे तरी पाहून ठेवा.