डोळा चोळू नका



आज आम्ही डोळ्यांच्या वावड्याविषयी दोन शब्द सांगणार आहोत. डॉक्टर याला अॅलर्जी म्हणतात.

एखाद्याला वांगे खाल्ले की खाज सुटते. दुसऱ्याला त्याच वांग्याने काही होत नाही. डोळ्यांचेही तसेच. धूळ किंवा फुलांचे पराग एखाद्याच्याच डोळ्यांना सोसत नाहीत.

आपल्या कात्रजला धुळीला तोटा नाही. घाटातून रात्रंदिवस गाड्या चालतात. शिवाय रस्त्याकडेला गाजर गवत माजते. हे गवत १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या परागाने कित्येकांना शिंका येतात, डोळे खाजतात.

हे दुखणे ओळखावे कसे? दोन्ही डोळे खाजतात. लाल होतात, पाणी गळते. मुलांत, त्यातही मुलग्यांत, एक प्रकार फार दिसतो. उन्हाळा आला की तो बळावतो. डोळ्यांतून चिकट तार निघते. उजेड सोसत नाही. असा मुलगा वर्गात मान खाली घालून बसतो. त्याला आळशी म्हणू नका. बहुतेकांचे हे दुखणे वयात आल्यावर कमी होते. तोवर डोळे जपले पाहिजेत.

डोळे येणे वेगळे. त्यात सकाळी पापण्या चिकटतात, घाण येते, आणि ते एकाचे दुसऱ्याला होते. वावडे कोणाला लागत नाही.

आता दोन धोके सांगतो.

पहिला धोका चोळण्याचा. सारखे चोळून बुबुळ पातळ होऊन पुढे येऊ शकते. मग नजर अंधुक होते.

दुसरा धोका मनाने आणलेल्या थेंबांचा. काही थेंबांत स्टेरॉइड नावाचे जालीम औषध असते. खाज चटकन थांबते. म्हणून माणूस तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतो. पण आत डोळ्याचा दाब वाढतो. काचबिंदू होतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही! डॉक्टरांनी ते औषध दिले, तर सांगितले तितकेच दिवस घाला.

मग करावे काय? बाहेरून आल्यावर तोंड, डोळे गार पाण्याने धुवा. खाज सुटली की स्वच्छ ओले फडके डोळ्यांवर ठेवा. दूध, मध, काजळ घालू नका. गाजर गवत फुलण्याआधीच उपटा. हाताला मोजे घाला. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पुण्यात ससून रुग्णालय आहे.

एक दिवसाची मजुरी बुडेल. पण पोराची नजर वाचेल.