पालखीसोबत एक मुक्काम



शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परळीहून आपल्या अंबाजोगाईत येते. शाळेत असताना आपण वारकऱ्यांना पाणी द्यायचो, आठवतं? एका आजोबांनी मला विचारलं होतं, "माउली, तुम्ही कधी येणार?" मी म्हणालो, "परीक्षा झाल्यावर."

परीक्षा संपल्या, नोकरीही संपली. गेल्या वर्षी परळी ते अंबाजोगाई, साधारण २५ किलोमीटर, पालखीमागे चाललो. बालाघाटाच्या चढावर गुडघे बोलू लागले. शेजारच्या वारकऱ्यानं नाव-गाव न विचारता माझी पिशवी खांद्याला लावली. इतकी वर्षं एसटीनं येत होतो. आपलं गाव किती उंचावर आहे, ते त्या दिवशी पायांना कळलं.

स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला चालत जाणाऱ्यांच्या पुस्तिकेत मुक्कामागणिक शिक्का मारतात. माझा शिक्का गावात शिरताना मिळाला. एका शाळकरी मुलीनं पाण्याचा ग्लास पुढे केला, "घ्या, माउली."

मित्रहो, आपल्यातले काहीजण आज नाहीत. 'पुढच्या वर्षी बघू' आता पुरे. येत्या वारीत हा एक मुक्काम मिळून चालू. ज्यांना चालवत नाही, त्यांनी पाणी घेऊन उभं राहावं. तीही वारीच.