जबलपूरचे ताल आणि पाणपक्षी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांविषयी बोलण्यास अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो पाखरांमागे हिंडणारी मंडळी. तेव्हा आपल्या पंखवाल्या शेजाऱ्यांविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

या नगरात एके काळी बावन्न ताल होते, असे जुनी माणसे सांगतात. राणी दुर्गावतीचा तो राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि दिवाण आधारसिंहांचा आधारताल, अशी परंपरा आहे. राणीला १५६४ साली वीरमरण आले. म्हणजे या तलावांचे वय चारशे वर्षांहून अधिक. आज चेरीताल ही वस्ती आहे आणि भंवरताल हे उद्यान आहे. पत्त्यात ताल उरला, पाणी मात्र गेले.

तरीही पाखरे येतात. हिवाळ्यात परियट व खंदारीच्या जलाशयांवर, बरगी धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर किंवा नर्मदेच्या घाटांवर पहाटे जावे. कपडे मातकट रंगाचे असावेत, सूर्य पाठीशी असावा आणि बोलणे बेताचे असावे. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास धीर पुरे.

नवखा मनुष्य पाण्याच्या मध्यभागी पाहतो. जाणकार आधी काठाकडे पाहतो, कारण बहुतेकांचे अन्न तेथेच असते. तुतवार ओल्या चिखलात चोच खुपसतो. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो. तलवार बदक शेपूट वर करून उथळ तळ धुंडाळते. कमळपक्षी लांब बोटांच्या आधाराने तरंगत्या पानांवरून फिरतो. त्याच्या कुळात अंडी उबवण्याचे काम नराकडे असते, हे येथील भगिनींस ऐकून समाधान वाटेल! खोल पाणी बुडी मारणाऱ्या पाणकावळ्याला मानवते. अशी ज्याच्या त्याच्या चोचीच्या व पायांच्या मापाने पाण्याची वाटणी झालेली असते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आमच्या नेहमीच्या एका तलावाचे सुशोभीकरण झाले. चिखल काढला, चहूबाजूंनी उभी दगडी भिंत बांधली, दिवे लावले. समारंभात आम्हीही टाळ्या वाजविल्या. पुढील हिवाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा अधिक होते. पण तुतवार आला नाही, शेकाट्या आला नाही. आम्ही पाणी राखले आणि काठ गमावला. त्या टाळ्यांची आठवण आजही आम्हांस खजील करते.

ग्वारीघाटावर कुरव पक्ष्यांना शेव टाकण्याची हौस अशीच आहे. प्रेम खरे, पण खारट तळीव पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. मासे आणि किडे त्यांचे त्यांना शोधू द्यावेत. आपण फक्त पाहावे.

जे चक्रवाक आपल्या काव्यांत विरहाचे प्रतीक झाले, ते लडाख-तिबेटच्या उंच पठारांवरून हिवाळ्यात आपल्या नदीकाठी उतरतात. इतक्या दूरच्या पाहुण्याला उतरण्यास जागाच नसावी, हे यजमानाला शोभत नाही.

१९७१ साली इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची आठवण म्हणून २ फेब्रुवारी हा दिवस जगभर पाळला जातो. आमची विनंती त्याहून लहान आहे. मंडळातील प्रत्येक कुटुंबाने एक तलाव आपला मानावा. दर हिवाळ्यात तेथे जाऊन पक्षी, त्यांची संख्या आणि तारीख वहीत लिहावी. सुशोभीकरणाची योजना येईल तेव्हा ती वही पुढे करावी आणि निदान एक बाजू उतरती, मातीची व गवताची ठेवा, एवढेच मागावे.

हीरकमहोत्सवात बोलणाऱ्याला त्या वह्यांतून वाचून दाखविता यावे, ही इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.